प्रकल्प नोंदी : वीस अंकांचा ताळा

२८ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

२२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिवस. शाळेत प्रदर्शन ठेवायचं ठरलंय, केंद्रातल्या बाकीच्या शाळाही येणार. आठवीच्या सहा जणांनी बुद्धिबळाच्या पटाचा विषय उचलला. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाकडे असं बक्षीस मागितल्याच्या त्या जुन्या गोष्टीत कुठे गहू असतो, कुठे तांदूळ. आम्ही केज तालुक्यातले, आमची ज्वारी.

खरं सांगायचं तर मी फारसा खूश नव्हतो. हा विषय दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या टेबलावर असतोच. हेडसर म्हणाले, "कापरेकरांचा ६१७४ घ्या, आपला माणूस." ते खरंच, देवळालीचा शाळामास्तर आणि जगभर नाव. पण ६१७४ (चार अंक, सगळे सारखे नकोत; उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहिलं की शेवटी हीच संख्या येते) गेल्या वर्षीच्या वर्गाने केला होता. शेवटी ज्वारीच.

३० नोव्हेंबर, गुरुवार

किराणा दुकानवाल्याच्या मुलाने काटा आणला. मालदांडी ज्वारीचे हजार दाणे मोजले. दोनदा मोजणी हुकली, तिसऱ्यांदा शंभराच्या दहा ढिगाऱ्या केल्या. भरले ३६ ग्रॅम. या हिशोबाने क्विंटलभराचं पोतं बाविसाव्या घरातच संपतं, आणि अख्खा पट भरायला साधारण ६ लाख ६४ हजार कोटी क्विंटल लागतात. "अबब" म्हणून झालं. इथे बहुतेकांचा प्रकल्प संपतो.

ज्वारी एका मुलीच्या आजीची. डबा देताना तिने बजावलं, "गुरुजी, मोजून झाली की माघारी धाडा बरं. यंदा पाऊस न्हाई."

१ डिसेंबर, शुक्रवार

संगणकावर स्प्रेडशीट उघडून ६४ ओळी ओढल्या, खाली बेरीज घेतली. आली १८४४६७४४०७३७०९६०००००. मुलांनी लगेच कार्डशीटवर मार्करने उतरवायला घेतली.

आजीची नात कडेला उभी होती. म्हणाली, "सर, हे चुकलंय."

"कशावरून?"

"पहिल्या घरात एक दाणा. पुढच्या सगळ्या घरांत समच हायेत. एक विषम अन् बाकी सगळे सम, मग बेरीज विषमच पाहिजे ना. शेवटी शून्य कस्काय?"

मी दोन मिनिटं गप्प. तिचं शंभर टक्के बरोबर होतं आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच खरं धरते, पुढच्या जागा शून्यांनी भरून टाकते. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरने तर १.८४४६७४४ लिहून पुढे १९वा घात दाखवला आणि हात झटकले.

"कॉम्प्युटर खोटं कामून बोलंल?" दुकानवाल्याच्या मुलाचा प्रश्न. खोटं नाही रे, गोळाबेरीज. तुझे वडील नाही का सुटे पैसे सोडून देत.

मग फळ्यावर दोनाचे घात मांडून फक्त एककाचा अंक बघितला : २, ४, ८, ६, परत २, ४, ८, ६. चाराचं चक्र. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून २ च्या ६४व्या घाताच्या शेवटी ६. पटावरची एकूण बेरीज त्यापेक्षा एकने कमी (प्रत्येक घरात आधीच्या सगळ्या घरांपेक्षा एकच दाणा जास्त असतो), म्हणून शेवटी ५. म्हणजे संख्या अजून हातात आलेली नाही, तरी तिला ५ ने भाग जातो हे आधीच कळलं.

कार्डशीट फाडली. ठरलं : हाताने काढायची.

४ ते ७ डिसेंबर

रोज मधल्या सुट्टीत दुप्पट. सहा जण, सहा वह्या. मंगळवारपर्यंत तीन वेगवेगळी उत्तरं झाली होती आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं.

इथे माझ्या आजोबांचा नवाचा ताळा कामाला आला. आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते. लांबलचक गुणाकार झाला की अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची आणि ताळा पाहायचा, हे त्यांनी मला चौथीत शिकवलेलं. आताच्या पुस्तकांत ते ९ च्या कसोटीपुरतं उरलंय, तपासणीचं हत्यार म्हणून कुणी वापरत नाही.

दोनाच्या घातांचा नवाचा ताळा ठरावीक चालीने फिरतो : २, ४, ८, ७, ५, १. सहा घरं झाली की पुन्हा २. मुलांना चाल मिळाल्यावर त्यांनी ती अक्षरशः म्हणायलाच सुरुवात केली, लेझीमच्या ठेक्यात. प्रत्येक ओळीपुढे कंसात ताळा लिहायचा.

पहिली चोरी ४४व्या घरात पकडली. त्रेचाळिसाव्या घरात ४३९८०४६५१११०४. वहीत पुढची ओळ ८७९६०९२०२२२०८. ताळा १ आला, चालीप्रमाणे हवा होता २. वर्गात एकदम शांतता, मग सगळ्यांची डोकी त्याच वहीत. ५ दुणे दहाचा हातचा ६ च्या डोक्यावर बारीक लिहिलेला होता, पण खोडरबराने अर्धा पुसला गेला होता. ६ दुणे बारा आणि हातचा एक, तेरा. तिथे २ नाही, ३ हवा. बरोबर ओळ ८७९६०९३०२२२०८.

त्या एका पुसलेल्या हातच्यामुळे पुढच्या वीस ओळी वाया गेल्या होत्या. मुलगा रडवेला झाला. मी म्हटलं, तू निदान हातचा लिहिला तरी होतास, बाकीचे तोंडीच धरतात.

गुरुवारी सहाही वह्यांत एकच संख्या आली :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

अंकांची बेरीज ८७, मग १५, मग ६. चालीने बघितलं तर ६४वा घात म्हणजे सहाच्या दहा फेऱ्या होऊन चौथी जागा, तिथे ७. त्यातून एक वजा, ६. जमलं.

८ डिसेंबर, शुक्रवार

ही संख्या वाचायची कशी? स्वल्पविराम टाकले तरी कोटीच्या पुढे जीभ अडते. भास्कराचार्यांनी १२व्या शतकात 'लीलावती'त दिलेली नावं फळ्यावर लिहिली. ती दर स्थानाला एक अशी परार्धापर्यंत, म्हणजे १ वर १७ शून्यांपर्यंत जातात. त्यानुसार :

१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्वाला शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटीला शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६१५.

"जलधी म्हंजी समुद्र ना सर? मग सात समुद्र झाले की." मला हे सुचलं नसतं.

दुसरी बाजू : दोन अंकी पद्धतीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ ने लिहिली तर ही संख्या ६४ एकांची सलग रांग होते. ६४ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. त्या दिवशी स्प्रेडशीटने जी गोल करून टाकली, ती त्याच यंत्राच्या पोटात तंतोतंत बसते.

११ डिसेंबर, सोमवार

आजचा दिवस चांगला गेला.

आठवीला वर्गांतराचं सूत्र आहे : अ वर्ग वजा ब वर्ग म्हणजे (अ + ब)(अ − ब). परीक्षेत दोन मार्कांना येतं आणि विसरलं जातं. आपली संख्या म्हणजे २ चा ६४वा घात वजा १. ६४वा घात हा ३२व्या घाताचा वर्ग. म्हणून एक अवयव ३२वा घात अधिक १, दुसरा ३२वा घात वजा १. दुसऱ्याला परत तेच सूत्र. परत. परत. सहा वेळा सोलली की हाती उरतं :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४,२९,४९,६७,२९७

उलट्या बाजूने गुणून बघितलं. ३ × ५ = १५. गुणिले १७, २५५. गुणिले २५७, ६५५३५. दर वेळी उत्तर पुढच्या अवयवापेक्षा दोनने कमी. मुलांना ही शिडी फार आवडली.

पहिले पाचही मूळ आहेत. ६५५३७ साठी २५६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. चार जणांनी वाटून घेतलं, दीड तास लागला.

या संख्यांना (२ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा, ३२वा घात, प्रत्येकात अधिक १) फर्माच्या संख्या म्हणतात. फ्रान्समधला हा वकील १७व्या शतकात हौसेने गणित करायचा आणि त्याची खात्री होती की या साच्यातल्या सगळ्या संख्या मूळच असतात. पुढे १७९६ साली गाउस या गणितज्ञाने दाखवलं की नुसती पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, तीच १७. योहान हर्मेस नावाच्या जर्मन गृहस्थाने ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना कागदावर उतरवण्यात दहा वर्षं घातली. माझ्याकडे मतदारयादीचं काम आहे, म्हणून मी त्याला हसणार नाही.

प्रश्न राहिला शेवटच्या अवयवाचा. ४,२९,४९,६७,२९७ मूळ आहे का?

१३ डिसेंबर, बुधवार

फर्मा इथेच चुकला, आणि १७३२ साली ऑयलर या गणितज्ञाने ते दाखवलं. मुलांना नुसतं उत्तर सांगण्यात मजा नव्हती. एवढंच सांगितलं की या संख्येला भागणारी कोणतीही मूळ संख्या '६४ गुणिले काहीतरी, अधिक १' अशीच असते. ऑयलरचाच शोध. का, ते अकरावीनंतर. सध्या उधारीवर घ्या.

मग यादी : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त पाच. दहा आकडी संख्येला तीन आकडी संख्येने भागायचं म्हटल्यावर तोंडं वाकडी झाली, म्हणून नुसत्या बाकीचा वर्ग करत जायची रीत शिकवली. भागाकार पूर्ण करायचाच नाही. २ च्या घाताचा वर्ग करायचा, बाकी ठेवायची, बाकीचा वर्ग करायचा, पुन्हा बाकी.

१९३ : बाकी १०९.
२५७ : बाकी २.
४४९ : बाकी ३२५.
५७७ : बाकी २८८.

६४१ आजीच्या नातीच्या वाट्याला आली. २ चा आठवा घात २५६. सोळावा ६५५३६, त्यातून ६४१ × १०२ म्हणजे ६५३८२ वजा, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, त्यातून ६४१ × ३६ म्हणजे २३०७६ वजा, बाकी ६४०. इथे तिची पेन्सिल थांबली. अजून एक मिळवायचा होता. ६४० अधिक १.

"सर, पुरा भाग गेला."

पाचव्याच खेपेला. बाकीच्यांनी तिच्या वहीवर तीन वेळा पडताळा घेतला, विश्वास म्हणून ठेवेनात. भागाकार ६७,००,४१७.

घरी आल्यावर मी एकटाच बराच वेळ या ६४१ कडे बघत बसलो. ५ × १२८ + १ म्हणजे ६४१, आणि ५ चा चौथा घात ६२५ अधिक २ चा चौथा घात १६, तेही ६४१. या दोन गोष्टी एकत्र केल्या की एकही भागाकार न करता दोन ओळींत सिद्ध होतं. उद्या फळ्यावर मांडायचं म्हणून कागदावर लिहिलं, पण उद्या केंद्राची बैठक आहे.

१६ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. ६७,००,४१७ मूळ आहे का, एवढंच काम. तिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथपर्यंतच बघायचं. परत तीच ६४ ची यादी, ६४१ पासून २५६१ पर्यंत. त्यातून संयुक्त संख्या गाळताना एकाने विचारलं, "१७२९ मूळ हाय का?"

ती यादीत असणार हे माझ्याही डोक्यात नव्हतं. ६४ × २७ + १ = १७२९. रामानुजनच्या वाढदिवसाच्या प्रदर्शनाची तयारी चाललीय आणि त्यांचीच टॅक्सीवाली संख्या (दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी सगळ्यात लहान) समोर. ६४ हा ४ चा घन, २७ हा ३ चा, म्हणून गुणाकार १२ चा घन. त्यात एक मिळवला. १७२९ = ७ × १३ × १९, म्हणून आमच्या कामाची नाही. गाळली, पण लाल पेनाने गोल करून.

उरल्या सात : ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ८३२, ६२२, २३२, ९४. एकानेही भाग जात नाही. मूळ.

म्हणजे पूर्ण हिशोब :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७,००,४१७

सात वेगवेगळे मूळ अवयव, एकही दोनदा नाही. भाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, दोनच मार्ग; म्हणून एकूण भाजक २ चा सातवा घात, १२८. वीस आकडी संख्येचे सगळे भाजक मोजून झाले आणि हाताची बोटं पुरली.

१९ डिसेंबर, मंगळवार

तालुक्याहून फ्लेक्स आला. सहा फूट, पिवळ्यावर लाल, वर रामानुजन, खाली आमची संख्या. दुकानाचं नाव लिहीत नाही. घाई आमचीच होती आणि मजकूर मी फोनवरून वाचून दाखवला होता.

मुलांनी आपणहून नवाचा ताळा घेतला. ८७, १५, ६. जमला. टाळ्या. फ्लेक्स भिंतीला ठोकला.

दुपारी सातवीच्या वर्गावर असताना मनात पाल चुकचुकली. नवाच्या ताळ्याला एक खोड आहे : अंक तेच ठेवून जागा बदलल्या तर त्याला काही कळत नाही. आजोबा म्हणायचे, नव चोर धरतो, पण जागेची अदलाबदल करणारा त्याच्या हातून निसटतो. सुट्टीत मुलांना तिनातिनाचा ताळा दाखवला. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट, एकाआड एक अधिक-वजा. यात ७, ११ आणि १३ तिन्ही एकदम तपासले जातात, कारण त्यांचा गुणाकार १००१.

आमच्या वहीतली संख्या : ६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६.

फ्लेक्सवरची : १०९७.

फरक ८१. मुलं खुर्चीवर चढून एकेक अंक बोटाने वाचायला लागली. ...०७३ ७९० ५५१... सापडला. ७०९ चं ७९० झालं होतं. ८१ म्हणजे नऊ नव्वे, म्हणूनच नवाच्या ताळ्याला पत्ता लागला नाही. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो.

नवा फ्लेक्स म्हणजे परत पैसे. पिवळ्या कार्डशीटवर '०९' काढून डिंकाने चिकटवलं. लाल रंग जरा गडद पडलाय, लांबून दिसतो.

२२ डिसेंबर, शुक्रवार

प्रदर्शन झालं. पाहुण्यांनी ज्वारीच्या पटाचे फोटो काढले (दहा घरं, १०२३ दाणे) आणि पुढे गेले. अवयवांच्या तक्त्यापुढे फारसं कुणी थांबलं नाही. शेजारच्या गावच्या एका जुन्या गुरुजींनी मात्र चिकटवलेल्या '०९' वर बोट ठेवून विचारलं, हे काय? आजीच्या नातीने त्यांना दोन्ही ताळे करून दाखवले. त्यांनी खिशातून पेन काढलं, तळहातावर स्वतः बेरीज केली, १०१६ आल्यावर मान डोलावली. बक्षीस हवेच्या दाबावरच्या प्रयोगाला गेलं. कारंजं छान उडत होतं.

२६ डिसेंबर, मंगळवार

ज्वारी परत केली. आजीने डबा हलवून बघितला आणि म्हणाली, "कमी झाली का वाढली?" चौसष्ट घरांची गोष्ट नातीने घरी सांगितलेली दिसते.

३ जानेवारी २०२४, बुधवार

प्रकल्प संपला असं मी समजत होतो. आज मधल्या सुट्टीत तिघं वही घेऊन आले. ३२वा घात अधिक १ फुटला, तर ६४वा घात अधिक १ चं काय? ती तर आपल्या संख्येपेक्षा फक्त दोनने मोठी : ...६१५ ऐवजी ...६१७.

म्हटलं, आता '१२८ गुणिले काहीतरी, अधिक १' असा साचा घ्या. लगेच यादी : २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. पहिल्या दोन एकीने तोंडीच खोडल्या. "त्यांनी जुन्या संख्येला पुरा भाग जातो, ही दोनने मोठी, मग बाकी दोनच येणार." हे मी शिकवलेलं नाही.

ही संख्याही मूळ नाही, १८८० मध्ये लांद्री नावाच्या फ्रेंच माणसाने तिचे अवयव पाडले. लहान अवयव २,७४,१७७ आहे, म्हणजे १२८ ला २१४२ ने गुणून एक मिळवायचा. यातलं काही मी त्यांना सांगितलेलं नाही.

वहीत आजच्या तारखेला :

७६९ : २५६, १७१, १९, ३६१. बाकी ३६२.
११५३ : बाकी ६३१.
१४०९ : उद्या.